पिक्चर छान आहे, जरूर बघा

रायपुरात मराठी पिक्चर वर्षातून एखादा लागतो, तोही आमच्या मंडळानं माणसं गोळा केली तर. म्हणून पिक्चर कितीही भंगार निघो, बाहेर आल्यावर मी सगळ्यांना सांगते, "छान आहे, जरूर बघा." नाहीतर पुढचा यायचाच नाही. किती वर्षं झाली, जीभ थकली.

या रविवारचा मात्र खरंच चांगला निघाला. मध्यंतरात मी चहालाही उठले नाही. घरी येऊन दुसऱ्या खेळासाठी तात्यापाऱ्यातल्या अख्ख्या मराठी वस्तीला फोन केले.

"मनापासून सांगून राहिली, इरावतीवहिनी."

"मागच्या वेळी पण मनापासूनच होतं ना?"

शेवटी लेकीला म्हटलं, "गंधाली, तू तरी चल. या वेळी खरंच चांगला आहे."

तिनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "मम्मी, ये भी हर बार बोलती हो."

माणसं जमली नाहीत, खेळ रद्द झाला. संध्याकाळी मंडळाचे नरहरभैया फोनवर म्हणाले, "काहून कोणी आलं नाही? पिक्चर कसा होता?"

मला आता बोलायचा कंटाळा आला होता. "भंगार होता," मी म्हटलं.

"हव, मले वाटलंच होतं," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझा शब्द खरा मानला.