सांध्याखालचं आरोग्य केंद्र

मी नकाशा बोलतोय. विभागीय आरोग्य कार्यालयातला, माणसापेक्षा उंच असलेला. सध्या भिंतीवर नाही. एका लोखंडी कपाटामागे गुंडाळी होऊन टेकलो आहे.

माझा जन्म एका आरेखकाच्या तिरक्या टेबलावर झाला. जाड कागद, मागे कापड. नद्या काढताना आरेखक जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरायचा. तेव्हा आमच्या कार्यालयाला उत्तर आरोग्य मंडळ म्हणत. तीन खोल्या, सात माणसं आणि एक जीप. ती बहुतेक वेळा ढकलूनच सुरू व्हायची. पहिल्या संचालकांनी मोठ्या दवाखान्यांसाठी लाल आणि लहान आरोग्य केंद्रांसाठी हिरव्या टाचण्या माझ्यात खुपसल्या, आणि प्रत्येकीभोवती त्याच रंगाचं वर्तुळ काढलं. पहिली टाचणी फार दुखली. चाळिसाव्या टाचणीनंतर काही कळेनासं झालं. दवाखान्यात आधी बधिर करतात आणि मग टोचतात. माझं उलटं झालं.

भिंतीवर राहून माणसांची एक सवय मला कळली. माझ्यासमोर कुणीही येवो, मंत्री असो की पंखा दुरुस्त करणारा, तो आधी आपलं गाव शोधतो. सापडलं की त्यावर बोट ठेवतो, शेजारच्याला म्हणतो, "हे आमचं." मग त्याचं उरलेल्या नकाशाशी देणंघेणं नसतं. संचालक आले, बदलले. प्रत्येकाचं बोट वेगळ्या ठिकाणी टेकलं, आणि त्या त्या ठिकाणी डॉक्टर जरा लवकर पोचले. मी बघत राहिलो.

मग एके वर्षी वरून हुकूम आला की उत्तर मंडळ आणि दक्षिण मंडळ एक करायचं. दक्षिणेची माणसं, खुर्च्या आणि कपाटं ट्रकमधून आली. कोण कोणाचा साहेब, यावर सहा महिने घोळ चालला. दारावरची पाटी तीनदा रंगवली. एकाच खोलीत दोन हेडक्लार्क समोरासमोर बसत, आणि एकमेकांकडे साधी टाचणी मागत नसत. दोन्ही मंडळांच्या दवाखान्यांच्या याद्या एकमेकींशी जुळेनात. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, "दोन्ही नकाशे जोडा, आणि त्यावरून नवी यादी करा. एकदाचा काय तो निकाल लावा."

जोडायचं काम आमच्या उत्तरेकडच्या हेडक्लार्ककडे आणि शिपाईमामांकडे आलं. मला जमिनीवर पसरलं. दक्षिणेच्या नकाशाची वरची कड, चार बोटं रुंदीची, कोरी होती. ती त्यांची हद्द नव्हती, म्हणून त्यांनी तिथं काही काढलंच नव्हतं. ती माझी हद्द होती. माझ्यावर तिथं डोंगराच्या कुशीत एक हिरवी टाचणी होती.

"वर कुठला घेऊ, साहेब?" मामांनी विचारलं.

"त्यांचाच घ्या. नाहीतर म्हणतील, आम्हाला खाली घातलं."

"ही टाचणी मध्ये येतेय."

"काढून ठेवा. नंतर लावू."

मामांनी टाचणी काढून डब्यात टाकली, खळ फासली, आणि कोरी पट्टी माझ्यावर दाबून बसवली. चारी कडांवर पेपरवेट ठेवले आणि दोघं चहाला गेले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघून नवी यादी झाली. साहेबांची सही झाली. यादीतून सुटलेल्या त्या केंद्रातल्या नर्सबाईंचा पगार आधीपासून पायथ्याच्या मोठ्या दवाखान्याच्या हजेरीपटावरून निघायचा, तो तसाच निघत राहिला. औषधंही तिथूनच उरलीसुरली जायची. त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

दोन वर्षांनी बारा रुग्णवाहिका आल्या. वाटप यादीप्रमाणे झालं. पुढच्याच आठवड्यात त्या नर्सबाई आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी. त्याही आधी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. बोट नदीवरून वर सरकलं आणि सांध्यावर थांबलं.

"अहो, आमचं केंद्र कुठंय?"

आमच्या हेडक्लार्कने यादी चाळली. "सिस्टर, यादीत नाही. नकाशातही नाही."

"मग रोज सकाळी आठला मी काय माहेरी जाते?"

सगळी खोली हसली. हेडक्लार्कही हसला. म्हणाला, "अर्ज द्या. बघू."

त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. 'बघू' म्हणजे काय, हे मला तोवर पाठ झालं होतं. त्यांचं बोट बरोबर जागी होतं. मध्ये फक्त एक कागद होता आणि थोडी खळ.

वर्षाने त्या पुन्हा आल्या. या वेळी बसल्या नाहीत.

"गेल्या महिन्यात एक बाळंतीण गेली," त्या म्हणाल्या. "रक्त थांबेना. गाडीसाठी फोन केला तर तिकडचा म्हणतो, केंद्राचा यादीतला नंबर सांगा. कुठला नंबर सांगू? ट्रॅक्टरवर घालून नेली. निम्म्या वाटेत गेली. मूल आहे."

हेडक्लार्कने फाइल काढली. "वाईट झालं," म्हणाला, आणि जुन्या अर्जावर 'स्मरणपत्र' असं लिहून तो पुन्हा फाइलीत घातला.

त्या दिवशी मला लाज वाटली. तशी ती माझी चूक नव्हती, पण ते केंद्र झाकलं होतं माझ्याच अंगावर. त्यानंतर बरीच वर्षं मला काही वाटलं नाही. मामा निवृत्त झाले. दोन्ही हेडक्लार्क निवृत्त झाले, आणि निरोपाच्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मी तेही कोरडेपणाने पाहिलं. कार्यालयाचं नाव आणखी दोनदा बदललं. नवी इमारत झाली, मीही तिथं टांगला गेलो. सिस्टर मधूनमधून येत, अर्ज देत, जात.

मग संगणक आले. जुनी यादी जशीच्या तशी त्यात भरली. माझी गरज संपली. दोघा हमालांनी मला उतरवून गुंडाळलं. वीस-बावीस वर्षांची खळ वाळून पापड झाली होती, ती गुंडाळताना तडकली आणि कोरी पट्टी सुटून लोंबायला लागली. खालचं हिरवं वर्तुळ उघडं पडलं. मधोमध टाचणीचं भोक.

"काय हा कचरा," एक हमाल म्हणाला, आणि मला कपाटामागे सरकवलं. वर्तुळ भिंतीच्या बाजूला आलं.

गेल्या मंगळवारी सिस्टर पुन्हा आल्या. आवाजावरून ओळखलं. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता त्यांचा. संगणकावर बसणाऱ्या मुलीपुढे त्यांनी चावी ठेवली.

"केंद्राची आहे. कुणाच्या ताब्यात देऊ?"

मुलीने बराच वेळ शोधलं. "मावशी, असं केंद्र दिसतच नाही इथे."

"माहितीये. पण माझ्या जागी कुणाला तरी पाठवाल ना?"

"जागाच दिसत नाही, तर रिकामी कुठून दिसेल? आणि चावी कुठल्या नावावर घेऊ?"

मुलगी वाईट नव्हती. तिने चहा मागवला. मी पाच पावलांवर होतो. ओरडावंसं वाटलं. कितीतरी वर्षांनी मला काहीतरी करावंसं वाटलं, आणि कपाट तर हललंही नाही.

सिस्टरांनी अर्धा कप चहा घेतला, चावी उचलून पुन्हा पिशवीत टाकली.

"उद्या बुधवार," त्या म्हणाल्या. "लसीचा दिवस. वीसेक पोरं येतात."

"पण मावशी, तुम्ही तर आज निवृत्त झालात."

"हो ना," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

वाचणाऱ्या माणसा, तुझं गाव माझ्यावर असेल नसेल, पण कधी या कार्यालयात आलास, तर त्या लोखंडी कपाटामागे हात घाल. मला बाहेर ओढ, जमिनीवर पसर, आणि ते हिरवं वर्तुळ त्या मुलीला दाखव. तिला बोटाने दाखवलं की कळेल. फार उशीर करू नकोस. जिना उतरताना सिस्टर कुणाला तरी म्हणत होत्या की गुडघे आता चढ घेत नाहीत.