शेंबीनं विचारलं, पण कोणी थांबलं नाही

मित्रांनो, दाराआड टेकून ठेवलेली मी एक जुनी वेळूची काठी आहे. माझ्या टोकाला लोखंडी टोपण आहे, त्याला शेंबी म्हणतात. स्वभावानं मी भित्री. पाऊल पडण्याआधी जमिनीची शंका घ्यायची हेच माझं काम, मग जीव निर्धास्त राहणार कसा?

इनामगावच्या म्हाळूआबांनी मला उन्हात वाळवून, तेल पाजून तयार केलं. त्यांच्या मेंढ्या घोड नदी ओलांडायच्या तेव्हा आधी मी पाण्यात उतरायचे. गाळात रुतले की आबा वाट बदलायचे. तळ टणक लागला की सगळा कळप एकदम घालायचे, अंगाला अंग लावून. "एक बी मागं सोडायचं न्हाई," असं ते म्हणायचे. त्यांची नात अंकिता हेच ऐकत मोठी झाली.

पुढे मेंढ्या गेल्या, शेती आली. साप निघाला तरच कोणाला माझी आठवण व्हायची. अंकिता आणि तिची चुलत बहीण प्रगती कुरकुंभच्या औषध कारखान्यात पाळीवर जाऊ लागल्या. दोघींनी हिमाचलात बर्फातून चालायला जायचं ठरवलं, तेव्हा आबांनी मला पुसून अंकिताच्या हाती दिलं.

तिथला वाटाड्या दोरजे सावध माणूस होता. त्यानं दोघींच्या छातीशी बीकन बांधलं. माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी ते यंत्र खूण देत राहतं. वर एका मोठ्या उताराशी त्यानं लांब सळई खुपसून पाहिली आणि मान हलवली. "नीचे शक्कर जैसी बर्फ है. वापस चलो." नवा बर्फ वाऱ्यानं आणून त्या भुसभुशीत थरावर लोटला होता. कधीही घसरला असता.

परतीच्या वाटेवर एक अरुंद घळ होती. सकाळी थंडीत ती कडक होती, आता उन्हानं सैलावली होती. दोघांचं वजन एकदम पेललं नसतं. दोरजे आधी पलीकडे गेला आणि ओरडला, "एक-एक करके! बाकी वहीं से देखो!"

प्रगती निघाली. मध्यावर ती अडकली. "ताई, पाय उचलंना गं!"

"थांब, आले मी!" अंकितानं उडीच घेतली. दोरजे हात हलवून "मत आओ!" म्हणत होता, पण एकीला मागं सोडणं हे त्या घरात कोणी शिकलंच नव्हतं.

तिनं मला टेकलं. वरचा पापुद्रा मोडला आणि मी साखरेच्या पोत्यात जावं तशी सरसर आत गेले. खाली धरायला काहीच नव्हतं. फिर, मागं फिर, असं ओरडावंसं वाटलं, पण काठीला कुठला आवाज? अंकितानं सवयीनं माझ्याकरवी बर्फाला विचारलं खरं, उत्तराला मात्र थांबली नाही. तिनं माझं टोक प्रगतीपुढे धरलं, तोच पायांखालून 'व्हुम्म' असा दबका आवाज आला. बर्फाला भेग गेली आणि घळीतला सगळा बर्फ खाली घसरला.

अंकिता कडेला फेकली गेली. मी तिच्या मुठीतच होते. प्रगती दिसेना.

दोरजे धावत आला. बीकनच्या खुणेनं जागा हेरून तो सळईनं चाचपू लागला, अंकिता माझ्या टोकानं. टोचावं तिथं नुसता बर्फ! माझ्या भीतीची तर हद्दच झाली. मग एके ठिकाणी शेंबीला काहीतरी मऊ लागलं. दोघांनी फावड्यानं बर्फ उपसला. प्रगतीचे ओठ निळे पडले होते. ती खोकली, तेव्हा अंकिता हमसून हमसून रडली.

घरी आल्यावर तिनं आबांना सगळं सांगितलं. आबांनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मीच तसं शिकवलं गं पोरी. नदीत बिलगून जायाचं, ते नदीपुरतं व्हतं. राखणं म्हंजी बिलगणं न्हाई. राखणं म्हंजी नजर ठिवणं."

म्हणून मित्रांनो, बर्फाच्या वाटेला जाल तर आधी वाटाड्याचं ऐका, जमिनीला विचारा आणि तिचं उत्तर येईपर्यंत थांबा. नाही म्हणाली तर परत फिरा. मला विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

परवा दोघी घोडच्या दगडांवरून पलीकडे निघाल्या. प्रगती पुढे गेली. अंकिता मला घट्ट धरून काठावरच उभी राहिली. तिचं पाऊल हललं नाही. प्रगती पलीकडे पोचली, वळली आणि तिथंच थांबली. आता नजर ठेवायची पाळी तिची होती.