जालिंदर मिस्त्रीचं नाक

रहिमतपुरात जालिंदर मिस्त्रीच्या गॅरेजला पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. पत्ता विचारला की लोक सांगतात, नाकवाल्या मिस्त्रीकडं जा. फौजेच्या वर्कशॉपात वीस वर्षं काढून आलेला हा गडी जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्या नुसत्या वासावर ट्यून करायचा. सायलेन्सरमागं उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचा आणि सांगायचं, "पेट्रोल जास्त हाय," नाहीतर, "हवा जास्त हाय." मग कार्बोरेटरचा स्क्रू जरासा फिरवला की इंजिन गुमान एका लयीत चालू. औंधपासून साताऱ्यापर्यंतचे जुन्या गाड्यांचे शौकीन या नाकावर विसंबून होते, आणि नाकाचा मालक तर सदा तोऱ्यातच असायचा.

पंचाईत एवढीच, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात ते नाक कामातून गेलं होतं. पेट्रोलचा वास नाही, फोडणीचा नाही, कशाचाच नाही. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, मुलीला तर मुळीच नाही. गिऱ्हाईक येत होतं ते नाकासाठी. नाक गेलं म्हटल्यावर ते कशाला आलं असतं? पावणेदोन वर्षं त्यानं कानावर आणि स्पार्कप्लगवरच्या काजळीच्या रंगावर भागवलं. पण कानही साठीला टेकलेला, अंदाज हुकायला लागले. त्याला मनातून धडकी भरली होती.

अशात त्याची लेक अक्षता सांगलीहून, विश्रामबागेतल्या कॉलेजात इंजिनिअरिंग संपवून, गॅरेजात आली आणि येताना मीटर घेऊन आली. सायलेन्सरच्या तोंडाला एक छोटा पाईप पट्ट्यानं आवळायचा, त्या पाईपात सेन्सर. इंजिन चालू केलं की पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग, ते आकड्यात दिसतं. पावणेपंधराच्या आसपास असलं म्हणजे बेस. आकडा चढला तर हवा जास्त, उतरला तर पेट्रोल जास्त.

"असली यंत्रं ज्याला नाक न्हाई त्याच्यासाठी," जालिंदर गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. म्हटल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं.

पण दुपारी अक्षता जेवायला घरी गेली की हाच माणूस शटर अर्धं ओढायचा, मीटर लावायचा, आकडा बघून स्क्रू फिरवायचा आणि मीटर जागच्या जागी ठेवून द्यायचा. संध्याकाळी गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून श्वास, आणि "एक नंबर." तीन महिने बिनबोभाट गेले. चूक एकच होत होती. अक्षता मीटरची केबल कशीही गुंडाळून टाकायची. जालिंदरचा फौजी हात मात्र ती एकसारखे वेढे घालून, टोक आत खोचून ठेवायचा. हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

मग औंधच्या धैर्यशीलरावांची फियाट आली. रविवारी बारा जुन्या गाड्या साताऱ्याहून सांगलीला निघणार होत्या. "माझी नीट पळाली, तर बाकीच्या अकराबी तुमच्याकडंच येत्याल," धैर्यशीलराव म्हणाले होते. दुपारी जालिंदरनं मीटर लावलं, तर आकडा सतरा. म्हणजे हवा फारच जास्त. त्यानं स्क्रू ढिला केला, आणखी केला, कसाबसा आकडा पावणेपंधरावर आणला. इंजिन थोडं गुदमरल्यासारखं वाटत होतं. पण यंत्र कशाला खोटं बोलेल, असं म्हणून त्यानं आवरतं घेतलं.

चार वाजता धैर्यशीलराव आले. इंजिन चालू झालं. जालिंदर सायलेन्सरमागं बसला, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

"वा. कसं साफ जळतंय."

डोळे उघडले तेव्हा सायलेन्सरमधून काळा धूर निघत होता, धैर्यशीलरावांनी नाकाला रुमाल लावला होता आणि समोरचा चहावाला दारात येऊन खोकत होता.

"मिस्त्री, डोळं झोंबाय लागलं माझं. तुमाला वास येत न्हाई व्हय?"

जालिंदर गडबडून उठला. त्यानं लेकीकडं पाहिलं. अक्षता मघापासून गालातल्या गालात हसत होती. बापाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

"मुद्दाम हाय ते, काका," ती म्हणाली. "आप्पा आधी पेट्रोल जास्त ठेवत्यात, मग उतरवत उतरवत बरोबर जागेवर आणत्यात. तुमी पुढं बॉनेटपाशी हुबं ऱ्हावा. आप्पा, चला, धरा स्क्रू."

बॉनेट उघडं असल्यामुळं मागचं पुढच्याला दिसत नव्हतं. अक्षतानं झटक्यात सायलेन्सरला पाईप लावला, पट्टा करकचून आवळला आणि पान्यानं बंपरवर एकदा वाजवलं. टक. जालिंदर लेकीला ओळखून होता. त्यानं स्क्रू जरा आवळला. टक. आणखी जरा. टक, टक. तो थांबला. धूर गेला, इंजिन लयीत आलं. धैर्यशीलरावांनी रुमाल खिशात घातला.

"नाक म्हंजे नाक हाय बगा," ते म्हणाले आणि खुशीत गाडी घेऊन गेले.

"पट्ट्याचा आटा मीच ढिला करून ठेवला हुता, तुमी आवळला तरी फट ऱ्हावी म्हणून," अक्षता म्हणाली. "बाहेरची हवा आत शिरली की आकडा उगाच चढतोय. केबल बघून मला कळलं हुतं, तुमी चोरून मीटर लावताय. वाटलं, वास घ्याल आन् मीटरला शिव्या देत याल, मग धरीन तुमाला. कवापास्नं येत न्हाई वास?"

"दोन वर्सं," जालिंदर म्हणाला. बोलल्यावर त्याला हलकं वाटलं, आणि लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं अक्षतासमोरच बायकोलाही सांगून टाकलं. बनाबाई आमटी वाढत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"मला ठावं हाय."

"कसं?"

"आवं, पैलं जरा करपलं तर ताट सरकवायचा. दोन वर्सं झाली, वाढंल ते गुमान खाताय."

"मग बोलली का न्हाईस?"

"मी कशाला बोलू? लगीन झाल्यापास्नं आत्ता कुठं निवांत सैपाक करतीया."

जालिंदरनं ताटाकडं पाहिलं. आमटी जरा काळपटच दिसत होती. तरी त्यानं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि घास उचलला.

अक्षतानं चमचा ताटावर वाजवला. टक, टक.

जालिंदरचा हात तिथंच थांबला. त्यानं घास खाली ठेवला आणि वाटी हळूच पुढं सरकवली. बनाबाईनं कपाळाला हात लावला. दोन वर्षांचं सुख संपलं होतं.