मागची रांग

तिने फ्रीजचं दार उघडलं, पुढच्या रांगेतल्या दोन पिशव्या काढल्या आणि उजेडात धरल्या. दोन्हींची मुदत परवा संपत होती. रक्त काळपट दिसत होतं. तिला हव्या होत्या तशाच त्या होत्या.

टेबलावर अपघात विभागातून आलेली नमुन्याची नळी उभी होती. नळीवर नाव होतं ते याच रक्तपेढीच्या प्रमुखाचं. दुपारी जेवायला घरी निघाला असताना टेम्पोनं त्याची स्कूटर उडवली होती. मांडीचं हाड मोडलं होतं, पोटात रक्तस्राव होत होता आणि वर शस्त्रक्रियेची तयारी चालली होती.

पाठीमागे सगळे त्याला मुदतसाहेब म्हणत. जुनी पिशवी पुढे ठेवायची, नवी मागे, आणि देताना पुढची आधी द्यायची, हा नियम काही त्याने काढलेला नव्हता. सगळीकडे असंच चालतं, नाहीतर लोकांनी दिलेलं रक्त वाया जाईल. पण बाकीच्यांनी नियम पाळला, याने नियमाशी संसार थाटला. घरी बिस्किटंसुद्धा तारीख बघून खातात, असं त्याची बायकोच हसून सांगायची.

चार वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ याच रुग्णालयात होता. कारखान्यात यंत्राखाली पाय चिरडले होते आणि पिशव्यांवर पिशव्या लागत होत्या. तिने तेव्हा नुकतंच वाचलं होतं, की साठवलेलं रक्त जुनं होत जातं तशा त्यातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. ते रक्त जखमी माणसाला चढवलं की त्याच्या पांढऱ्या पेशी तो कचरा उपसण्यातच गुंतून पडतात, मग जंतू आले तर लढायचं कुणी? प्रयोगशाळेत तरी असं दिसलं होतं. ती याच फ्रीजपाशी मुदतसाहेबासमोर उभी राहिली होती.

"साहेब, मागच्या रांगेतल्या द्या ना. माझा भाऊ आहे."

"इथे येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी भाऊ असतो," तो म्हणाला होता. "आणि काचेच्या नळीत दिसलं म्हणजे माणसात सिद्ध झालं का? पुढची आधी."

भाऊ शस्त्रक्रियेतून वाचला आणि नंतर जंतुसंसर्गाने गेला. जुन्या रक्तानेच गेला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. नाही, असंही कुणी सांगू शकत नव्हतं, आणि तिला तेवढं पुरलं. ती त्याच्या हाताखाली काम करत राहिली, ‘हो साहेब’ म्हणत राहिली. राग रोज डब्याबरोबर घरून आणायचा आणि रिकाम्या डब्याबरोबर परत न्यायचा, असं चाललं होतं.

मात्र आपल्या पाळीत ती एक गोष्ट गुपचूप करायला लागली. मोठा अपघात आला की ती मागच्या रांगेत हात घाली. पुढची पिशवी मग एखाद्या साध्या, आधी ठरलेल्या शस्त्रक्रियेला जाई. कुणाच्या लक्षात आलं नाही, अशी तिची समजूत होती.

आज तिला काही करायचंच नव्हतं. नुसता नियम पाळायचा होता. सुंठीवाचून खोकला जाणार होता, आणि उद्या कुणी विचारलंच तर तिच्याकडे बोट दाखवायला जागा नव्हती. तिने रक्त जुळवून पाहिलं. जुळत होतं.

खिडकीवर टकटक झाली. त्याची बायको होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या.

"ताई, बरं झालं बाई, तुम्हीच आहात. आत नेताना ते शुद्धीवर होते. तुमच्यासाठी निरोप दिलाय."

"काय?"

"म्हणाले, तिला सांग, माझ्यासाठी मागे हात घालू नकोस. पुढची आधी." ती रडता रडताच हसली. "मला तर काही कळलं नाही. अशा वेळी माणूस बायकोला काही सांगेल, मुलांबद्दल सांगेल. यांचं आपलं तिसरंच."

"तुम्ही बसा, वहिनी. रक्त पाठवतेच."

खिडकी बंद करून ती तशीच उभी राहिली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. इतकी वर्षं तिचा हात मागे जाताना तो बघत होता आणि गप्प बसत होता. परक्यांसाठी नियमाकडे काणाडोळा करता येत होता. तिच्या भावासाठीच तेवढा आला नव्हता. 

या दोन पिशव्या दिल्या तर त्याच्या मनासारखंच होणार होतं. मेला तर तत्त्वाचा माणूस म्हणून मरेल. जगला तर त्याच ताठ मानेनं या खोलीत परत येईल आणि म्हणेल, बघ, मी माझ्यासाठीसुद्धा नियम मोडला नाही. तेवढं सुख ती त्याला देणार नव्हती. तिने काळपट पिशव्या जागेवर ठेवल्या आणि फ्रीजमध्ये अगदी भिंतीपर्यंत हात घातला. निघालेल्या दोन पिशव्या तिने नव्याने जुळवून पाहिल्या आणि वर पाठवल्या. हे दयेपोटी केलं, असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

तो जगला. काठी टेकत कामावर आला त्या सकाळी खुर्चीत बसण्याआधीच त्याने विचारलं,

"मला कोणत्या दिल्यास?"

"मागच्या."

"मी निरोप पाठवला होता."

"पोचला होता."

"आणि पुढच्या दोन?"

"मुदत संपली. फेकल्या."

त्याने डोळे मिटून घेतले. पाय दुखल्यावरही तो इतका कळवळला नसेल. "नोटीस काढावी लागेल तुझ्यावर," तो म्हणाला.

"काढा ना. रुग्ण कोण होता, तेही लिहावं लागेल त्यात."

तो खुर्चीत बसला. पेन उघडलं, बंद केलं, खिशाला लावलं. कोपऱ्यातल्या टेबलापाशी काम करणाऱ्या दोघींनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात अपघात विभागाचा फोन आला. बांधकामावरून एक बाई पडली होती. नमुना आला, तिने तपासला आणि फ्रीजचं दार उघडलं. मागे काठी सरकल्याचा आवाज झाला. तो उठून तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता.

"मागची काढ," तो म्हणाला. इतक्या हळू, की फक्त तिलाच ऐकू जावं.

याच जागी, याच दोन शब्दांसाठी ती एकदा हात जोडून उभी होती. आता ते तिच्या काय कामाचे होते?

"ऐकू आलं नाही, साहेब."

त्याने घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने. कोपऱ्यातल्या दोघींनी माना वर केल्या.

तिचा हात मागच्या रांगेत केव्हाच पोचला होता.