उरलेली पाच इंजेक्शनं

कासवाच्या डाव्या नाकपुडीवर दर अकरा सेकंदांनी एक बुडबुडा येत होता आणि फुटत होता. ताईने घड्याळ लावून चार वेळा मोजलं. काल हेच अंतर नऊ सेकंद होतं, म्हणजे छाती सुधारत होती. पण दहा दिवसांत वजन सत्त्याऐंशी ग्रॅमने उतरलं होतं आणि रक्तातलं युरिक ॲसिड दुपटीवर गेलं होतं.

"औषध न्यूमोनियाला पुरून उरतंय, पण मूत्रपिंडांनाही सोडत नाहीये," डॉक्टरीणबाई परवा म्हणाल्या होत्या. "पाच इंजेक्शनं झाली, पाच उरली. पुरी करायची की सौम्य औषधावर भागवायचं, तुम्ही सांगा. सौम्य औषधाची खात्री मात्र मी देत नाही."

आयुष्य प्रयोगशाळेत काढलेल्या ताईला यातलं सगळं कळत होतं. फक्त ठरवणं होत नव्हतं.

कासव धाकट्या बहिणीचं. सात वर्षांपूर्वी परदेशी जाताना ती ते ताईच्या गळ्यात घालून गेली होती. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन यायचा. कासवाबद्दल दहा मिनिटं, ताईबद्दल एक. कासवच राहिलं नाही, तर ते एक मिनिट तरी कुठून यायचं?

फोन वाजला.

"काय गं, म्हातारबांचं उपोषण सुटलं का?"

"कुठलं सुटतंय! पानाला तोंड लावत नाही."

"हट्टी मेला. तुझ्यावर गेलाय. इंजेक्शनं पुरी कर हं, ताई. मी येईन तेव्हा मला तो दिसायला हवा."

"कधी येतेस?"

"बघू गं. या वर्षी जरा कठीणच आहे."

हे 'बघू' ताईच्या चांगलं ओळखीचं होतं. तिने फोन कानाशी धरूनच दुसरा हात कासवाच्या पेटीत घातला. एरवी तो हात दिसला की कासव मान लांब करून यायचं. आज त्याने सुया टोचलेला पुढचा पाय आत ओढला, मग मानही.

"ताई? आहेस ना?"

"आहे. ऐक, इंजेक्शनं मी बंद करतेय. सौम्य औषधावर जेवढा राहील तेवढा राहील. आणि तो राहिला नाही, तरी तू रविवारी फोन करत जा. मला हवा असतो."