न पाहिलेला ऑपेरा

मासिकाचा अंक टेबलावर आपटून क्युरेटर बाईंनी जनसंपर्क विभागातल्या मुलीला विचारलं, "मी ऑपेरा पाहिला कधी?"

"मॅडम, थोडं संपादन केलंय फक्त. संचालकसाहेबांनी सांगितलं होतं."

मुलाखत साधीच होती. संग्रहालयातलं मुखवट्यांचं दालन सांभाळणाऱ्या बाई सध्या काय पाहतात, काय वाचतात, त्यांना नवं कुठून सुचतं. बाईंनी मन लावून उत्तरं दिली होती. त्यांच्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो बुकबाइंडिंगच्या कारखान्यात काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, आपल्यासारख्याच मंडळींबरोबर, नाटकं करतो. घरात त्याला सगळे गरीब गाय समजत. जेव, झोप, ये, नको, एवढ्या खुणांवर घरच्यांनी त्याच्याशी जन्म काढला. मागच्या वर्षी बाई पहिल्यांदा नाटकाला गेल्या, तर हा गडी अख्ख्या हॉलला हसवून लोळवत होता. नुसती भुवई हलवून मालक व्हायचा, ओठ मुडपून म्हातारी. तेव्हापासून बाई हातांची भाषा शिकत होत्या. मुखवट्यांचं नवं प्रदर्शनही त्यांना त्या हॉलमध्येच सुचलं होतं.

छापून आलं होतं ते ऑपेरा, बड्या चित्रकारांची प्रदर्शनं आणि एक जाडजूड कादंबरी. बाईंनी ती हातातसुद्धा धरली नव्हती.

"देणगीदार वाचतात हो हे मासिक," बाई खोलीत शिरताच संचालक शांतपणे म्हणाले. "तिथे बहिऱ्यांची नाटकं कशी छापणार? दयामाया दाखवायच्या जागा वेगळ्या असतात."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दयेबद्दल मी अवाक्षर बोलले नव्हते. दादाची कला सांगितली होती."

"भाऊ आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं."

बाई दार आपटून निघाल्या त्या थेट भावाकडे. त्याने अंक आधीच वाचला होता. कारखान्यात सगळ्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम विकत आणला होता, आणि मग कुणालाच दाखवला नव्हता.

'तू म्हणालीस, आमच्याबद्दल सांगितलंस,' त्याचे हात म्हणाले.

'सांगितलं होतं, दादा. त्यांनी कापलं.' बाईंची बोटं रागाने अडखळत होती. 'आता बघच तू. देणगीदारांच्या सभेत तुमचंच नाटक ठेवते. साहेबाच्या नाकावर टिच्चून.'

एकेक खूण सावकाश करत भावाने विचारलं, 'तुला आमचं नाटक दाखवायचंय, की साहेबाची जिरवायचीय?'

बाईंनी हातातल्या अंकाची सुरळी केली.

'तुझं भांडण तू भांड,' तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला.

बाई भांडल्या. मासिकाच्या संपादकांना भेटून त्यांनी आपली मूळ उत्तरं जशीच्या तशी छापायला लावली, कोणी बदलली त्यासकट. संचालकांनी ओरडा केला नाही. मुखवट्यांचं प्रदर्शन तेवढं काढून दुसऱ्याकडे दिलं आणि बाईंना कोठारातल्या भांड्यांची नोंद करायला बसवलं. एवढ्या वर्षांच्या ओळखीची माणसं जिन्यात भेटली की मोबाइल काढून बघू लागली. बाई घरी येऊन भांडी आदळत, पण केल्याचा पस्तावा त्यांना झाला नाही.

पुढच्या नाटकाला त्या गेल्या, तर रंगमंचावर भाऊ पर्स काखेत मारून, मान ताठ करून चालत होता. फडताळातल्या मुखवट्यांना तो दटावत होता, साहेबाच्या दारासमोर फणकारत होता, आणि तावातावाने हात करताना हमखास भलतीच खूण करत होता. हॉल हसून हसून बेजार झाला. बाईंना निम्मे विनोद कळले नाहीत. शेजारच्या बाईने हळूच खुणेने सांगितलं, 'संताप' म्हणायच्या जागी ती 'भोपळा' म्हणतेय.

बाई लाल झाल्या. चिडून उठणारच होत्या, पण रांगेच्या मध्यावर बसल्या होत्या. शेवटी सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. टाळी वाजवायची तिथली तीच रीत. बाईंचे हात मांडीवरच राहिले.

जिन्यात भाऊ घाम पुसत उभा होता. त्याने भुवई उंचावली, कसं वाटलं?

'माझी चाल तुला जमली नाही,' बाईंनी खडसावलं. 'मी पर्स डाव्या हाताला घेते. आणि एवढी तोऱ्यात चालत नाही.'

'चालतेस,' भाऊ म्हणाला. 'थांब, परत करून दाखवतो.'