तापातलं पाणी

रामीबाईच्या सासऱ्यानं तापात तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन तासाभरात मान टाकली होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं ते डोळ्यानं पाहिलं. म्हातारा पाण्यानं नव्हे, तापानं गेला, हे तिला सांगायचं कुणी? अख्खा तांडा एकच बोलत होता, छातीच्या तापात पाणी म्हणजे वैरी. ते तिच्या मनात पक्कं बसलं.

म्हणून साठ सालच्या पौषात नवरा, सेवादास, खोकत-कण्हत खाटेवर पडला, तेव्हा तिनं पहिलं काम काय केलं, तर पाण्याचा माठ उचलून शेजारच्या धनीबाईकडे नेऊन ठेवला.

दुखणं कशानं आलं याचा निकाल लावायला सगळे जमले. कुणी म्हणे पहाटे मोट हाकताना भिजला, कुणी म्हणे कुटार भरताना भुशाची धूळ छातीत गेली, कुणी म्हणे फुलसावंगीच्या बाजारातून दुसऱ्याचा खोकला घेऊन आला. नजर लागली म्हणणारीही निघाली. अहो, बोलणाऱ्याचं काय जातं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

रामीनं काही बाकी ठेवलं नाही. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती-पाठ शेकली. अडुळशाचा काढा गूळ घालून चमचा चमचा पाजला. धूर सोसत नाही म्हणून चूल अंगणात मांडली. पाठीशी गोधडीची वळकटी देऊन त्याला टेकून बसवलं, म्हणजे श्वास जरा मोकळा येई. बाई मोठी हुशार. फक्त पाणी देईना.

सेवादास पहिल्यापासून गमत्या माणूस. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रामी, चूळ भरतो वं. तोंड कडू झालं."

तिनं वाटीत जरासं पाणी आणलं. त्यानं तोंडात घेतलं आणि डोळे मिटून गिळून टाकलं. तिनं वाटी हिसकली.

"लबाड हायेत तुमी."

"घोटभरानं काय मरतो का मी?"

"मंग तुमचा बाप काहून मेला?"

तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या. त्यानंतर तिनं नुसता ओला फडका ओठांना लावला. तो फडका चोखायला लागला, तर तिनं तोही दातांतून सोडवून घेतला. तिचा जीव तीळ तीळ तुटत होता. आपला माणूस तहानेनं तळमळतो आणि आपण प्यायचं कसं, म्हणून तीही दिवसातून एकदाच धनीबाईकडे जाऊन पाणी पिऊ लागली.

चौथ्या दिवशी त्यानं मागणं सोडलं. ओठ फुटले होते. माठाच्या रिकाम्या जागेकडे बघत तो पडून राहिला. रामीला वाटलं, ताप उतरून राह्यला.

पाचव्या दिवशी दुपारी दीर भीमसिंगानं फुलसावंगीहून डॉक्टरला बैलगाडीत घालून आणलं. डॉक्टरनं छाती ऐकली, फुफ्फुसाला सूज आहे म्हणाला, काय काय केलं ते विचारलं. तिनं सगळं सांगितलं.

"शेक चांगला केला. टेकून बसवलं तेही बरं झालं."

ऐकून तिचा अर्धा भार उतरला. मग डॉक्टरनं सेवादासच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"पाणी किती पितो?"

"पाच रोज झाले डाक्टरसायेब, थेंब नाई देल्ला." शाबासकी मिळेल म्हणून तिनं हे जरा जोरातच सांगितलं.

तो रागावला नाही. सुई टोचून झाल्यावर हळूच म्हणाला, "बाई, तापात अंगातलं पाणी आटतं. द्यायला हवं होतं. आता द्या, थोडं थोडं."

ती धावत जाऊन धनीबाईकडून तांब्या भरून घेऊन आली. त्याची मान हातावर घेतली. पाणी ओठांतून आत गेलं आणि कडेनं गळ्यावर उतरलं. घसा हललाच नाही.

"प्या ना. आता मी नाई म्हनत नाई. प्या."

डॉक्टरनं तिचा हात मागे घेतला. गळ्यात अडकेल, म्हणाला.

दिवस कलता कलता सेवादास गेला. बाया जमल्या. धनीबाई जवळ बसून रीतीप्रमाणे म्हणाली, "रामी, त्याच्या तोंडात पानी घाल. जानाऱ्याले तान्हेला धाडू नाई."

रामीनं एक चमचा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. बाया म्हणाल्या, पुरे आता. तिनं चमचा टाकला, तांब्याच त्याच्या ओठांना लावला आणि भीमसिंगानं हात धरेपर्यंत ओतत राहिली.